पाण्यावरून मारायचा शॉट: रेंजवर जमतो, तळ्यासमोर का बिनसतो?

सातवी_टी:

नमस्कार मंडळी. इथले गोल्फचे धागे नेमाने वाचतो, आज पहिल्यांदाच विचारतोय.

प्रश्न एकाच होलचा आहे, पण त्याने माझी झोप उडवली आहे. आम्ही खेळतो त्या कोर्सवरचा सातवा होल पार थ्री आहे, म्हणजे तीन शॉटांत संपवायचा. टीपासून (जिथून पहिला शॉट मारतात) ग्रीनच्या (होलभोवतीच्या गुळगुळीत हिरवळीच्या) मध्यापर्यंत १४६ यार्ड. टीपुढे चाळीसेक यार्ड गवत, मग तळं, आणि ते थेट ग्रीनच्या तोंडाशी संपतं. पाणी पार करायला १३४ यार्डांचा कॅरी, म्हणजे हवेतलं अंतर, लागतो. तळ्याच्या हद्दीच्या खुंट्या पिवळ्या. पलीकडचा काठ उतरता आहे आणि तिथलं गवत इतकं बारीक कापलेलं असतं की जेमतेम पोचलेला बॉलसुद्धा घरंगळत मागे येतो. डावीकडे एक बंकर (वाळूचा खड्डा), मागे गवताचा चढ.

माझा हँडिकॅप, म्हणजे अठरा होलांवर मिळणारी शॉटांची सूट, १९ आहे आणि सेव्हन आयर्न (मधल्या अंतराचा क्लब) १५० जातो. म्हणजे कागदावर हा शॉट माझ्या हातातला. रेंजवर (सरावाच्या मैदानावर) तो मी अगदी निवांत मारतो. पण सहाव्यावरचं पुटिंग आटोपून वळलो आणि झाडांमधून पाणी चमकलं की तिथूनच बिनसायला लागतं. हात आपोआप बॅगेच्या त्या कप्प्याकडे जातो जिथे खरवडलेले जुने बॉल ठेवलेत. टीवर उभा राहिलो की सोबतचे तिघे गप्प होतात. तसे ते प्रत्येक टीवर गप्प होतात, पण इथली शांतता अंगावर येते. मनात एकच घोकंपट्टी: पाण्यात नको, पाण्यात नको. पकड इतकी आवळते की ग्लोव्हला अंगठ्याच्या बुडाशी घड्या पडलेल्या दिसतात. मग स्विंग घाईत होतो आणि बॉल एक तर टॉप होऊन (क्लब फक्त वरच्या भागाला लागून) पाण्यावर टप्पे घेत बुडतो, नाहीतर मागची माती आधी उचलली जाते आणि बॉल तळ्याच्या मध्यावर जाऊन पडतो.

सोळावा होल जवळपास तेवढ्याच अंतराचा आहे, वाटेत नुसतं गवत. तिथे असलं काही होत नाही. म्हणजे दोष स्विंगचा नाही, डोक्याचा, असं मी धरून चाललोय. ज्याला विचारावं तो म्हणतो, "पाणी आहे हे विसरून जा." एवढं पसरलेलं पाणी विसरायचं कसं, हे मात्र कोणी सांगत नाही. ज्यांनी यातून वाट काढली आहे त्यांनी जरा नीट समजावून सांगाल का? आणि बॉल आत गेल्यावर पुढचे दोन-तीन होलही हातचे जातात, त्यावरही लिहा.

लाल_खुंटी:

धागा वाचतोय, मलाही उत्तर हवंच आहे. तोवर नियमांचं सांगतो, कारण बरीचशी धास्ती नियम नीट माहीत नसल्यामुळे असते.

२०१९ पासून नियमांत याला पेनल्टी एरिया म्हणतात. दंड एका शॉटचा. बॉल आत पडूनही मारण्याजोगा असेल तर दंड न घेता तिथूनच मारता येतो, आणि आता मारण्याआधी क्लब जमिनीला किंवा पाण्याला टेकला तरी चालतो. दंड घ्यायचा असेल तर पिवळ्या खुंट्यांना दोन वाटा. पहिली, जिथून मारला तिथूनच पुन्हा. दुसरी, बॉल शेवटचा जिथे हद्द ओलांडून आत गेला तो बिंदू आणि होल यांच्या सरळ रेषेत हवं तितकं मागे येऊन ड्रॉप, म्हणजे बॉल हातातून खाली सोडणं. लाल खुंट्या असल्या तर तिसरी वाट मिळते: त्याच बिंदूपासून दोन क्लबांच्या लांबीच्या आत, होलच्या जवळ न सरकता.

सातव्यावर बॉल पलीकडच्या काठाला लागून मागे घरंगळला तरी खुंट्या पिवळ्या असल्यामुळे तुम्हाला तळ्याच्या अलीकडेच यावं लागेल. यावरून टीवर फार वाद होतात, म्हणून मुद्दाम लिहिलं.

जुना_पुटर:

सातवी_टी, मी पोरवयात कॅडी (खेळाडूची बॅग वाहणारा) होतो. आता वय झालं, आठवड्यातून दोनदा मुलांना शिकवतो. कॅडीला बॉलच्या आधी खेळाडूचे हात दिसतात, आणि पाण्याच्या होलवर ते हात काय करतात हे मी फार जवळून पाहिलेलं आहे. तुमचं निदान मला अर्धंच पटतं. डोक्याचा भाग आहेच, पण तुमच्या भीतीला एक रास्त कारणही आहे आणि ते तुम्हीच दिलेल्या आकड्यांत आहे.

"सेव्हन आयर्न १५० जातो" असं सांगणारा माणूस खोटं बोलत नसतो. पण तो आकडा चांगल्यात चांगल्या शॉटचा असतो, आणि बहुतेक वेळा बॉल थांबला तिथवरचा. पाण्यावर फक्त हवेतलं अंतर कामाला येतं. ज्याचा सर्वोत्तम सेव्हन आयर्न १५० वर थांबतो त्याचा नेहमीचा कॅरी १३५-१३८ निघाला तर मला नवल वाटणार नाही. जरासा टोकावर लागला तर १२५. आता होलकडे बघा, हवेत १३४ हवेत. म्हणजे तुम्ही नेहमीसारखा, बरा शॉट मारलात तरी तो त्या घसरत्या काठावर, आणि थोडा हुकला की बुडाला. तुमच्या हातांनी हे शॉट शेकड्याने मारलेत, त्यांना हे ठाऊक आहे. मन म्हणतं १५०, हातांचा त्यावर विश्वास नाही, म्हणून ते वरून जोर घालायला जातात. ती घाई, ती आवळलेली पकड इथून येते. सोळाव्यावरही तुमचे शॉट असेच कमी पडत असणार, फक्त तिथे गवत सांभाळून घेतं आणि बॉल ग्रीनच्या अलीकडे शहाण्यासारखा पडून राहतो. पुढच्या खेपेला तिथे मुद्दाम लक्ष ठेवा.

तेव्हा पहिलं काम हिशेबाचं. लाँच मॉनिटर (बॉल किती उडाला ते मोजणारं यंत्र) असलेल्या रेंजवर जा, सेव्हन आयर्नचे वीसेक बॉल मारा, प्रत्येकाचा कॅरी लिहून घ्या. सर्वांत लांबचे दोन-तीन खोडून टाका, उरलेल्यांची सरासरी काढा. रेंजवरचे बॉल झिजलेले असतात आणि थोडे कमी जातात, तेवढी सूट धरा. हेच सिक्स, फाइव्ह आणि हायब्रिडचं करा (आकडा जितका लहान तितका क्लब लांब मारणारा). मग सातव्यावर असा क्लब घ्या ज्याचा किंचित हुकलेला शॉटही १४० च्या पुढे पडेल. माझ्या अंदाजाने तो फाइव्ह आयर्न असेल किंवा हायब्रिड. अगदी गोड लागला तर मागच्या चढावर जाईल. जाऊ दे. तिथून एक चिप (ग्रीनजवळून मारलेला छोटा शॉट), दोन पुट, चार. हँडिकॅप १९ असलेल्याला प्रत्येक होलवर किमान एक शॉट मिळतो, म्हणजे तो चार तुमच्यासाठी पारच. कॅडी असताना मी पाहिलं, पाण्याच्या होलवर मोठा क्लब मागायला लोकांना संकोच वाटतो. सोबतच्याने एट मारला तर आपण फाइव्ह कसा मागायचा! या एका संकोचापायी किती बॉल तळ्यात गेले असतील कोण जाणे. मला याचं आजही वाईट वाटतं, कारण त्यातले बरेच शॉट स्विंग म्हणून चांगले होते.

आणि तिथे पिनकडे (होलमधल्या झेंड्याच्या काठीकडे) बघायचंच नाही. २०१९ च्या मास्टर्स या मोठ्या स्पर्धेचा शेवटचा दिवस आठवा. ती होते त्या ऑगस्टाच्या कोर्सचा बारावा होल, १५५ यार्डांचा पार थ्री, पुढ्यात रेज क्रीक नावाचा ओढा, पिन उजवीकडे. फ्रान्सेस्को मोलिनारी दोन शॉटनी पुढे होता. त्याचा बॉल काठाला लागून पाण्यात घरंगळला, डबल बोगी, म्हणजे पारपेक्षा दोन जास्त. त्याच गटातल्या टोनी फिनाऊचाही पाण्यात. त्यांच्या पुढे खेळून गेलेले ब्रूक्स केपका आणि इयन पोल्टर, त्यांचेही. टायगर वुड्सने मोलिनारीचा बॉल बुडताना डोळ्यांनी पाहिला आणि तरी, किंवा म्हणूनच, पिनचा मोह सोडून बंकरच्या वरून ग्रीनच्या मध्याकडे मारला. दोन पुट, पार. बरोबरी तिथे झाली आणि शेवटी विजेत्याचं जाकीट त्याने घातलं. जगातल्या उत्तमोत्तम खेळाडूंत त्या एका होलवर जो फरक पडला तो नेम कुठे धरायचा याचा होता.

आता डोक्याकडे येऊ. "पाण्यात नको" ही घोकंपट्टी का घातक आहे यावर अभ्यास झालेला आहे. डॅनियल वेग्नर नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९८७ मध्ये दाखवलं की पांढऱ्या अस्वलाचा विचार करू नका असं बजावलं की लोकांच्या मनात तेच अस्वल येत राहतं. पुढे १९९८ मध्ये त्याने आणि सहकाऱ्यांनी पुटिंगवर प्रयोग केला. खेळणाऱ्यांना सांगितलं, बॉल खुणेच्या पुढे जाऊ देऊ नका. काहींना त्याच वेळी एक आकडाही लक्षात ठेवायला लावला. ज्यांचं डोकं आकड्यात गुंतलं होतं त्यांचे बॉल खुणेपुढे जास्त गेले. एखादी गोष्ट टाळायची तर ती आसपास आहे का हे मनाला सारखं तपासत राहावं लागतं. डोक्यावर ताण आला की टाळण्याचं काम ढिलं पडतं, तपासण्याचं चालूच राहतं. सातव्यावर तुमच्या डोक्यात आकडा नसेल, पण गप्प झालेले तिघे आहेत, मागे खोळंबलेली चौकडी आहे, सहा होलांचा चांगला स्कोअर आहे. भार तेवढाच.

म्हणून "विसरून जा" हा सल्ला मी मुलांना कधीच देत नाही. तोही "नको"चाच भाऊ. मी उलट सांगतो, पाण्याकडे नीट बघा. टीवर पोचलात की आधी तळ्यावरच्या लहरी बघा. टीभोवती झाडं असली तर तुम्हाला वारा लागत नाही, पण मोकळ्या पाण्यावर तो दिसतो. लहरी तुमच्याकडे येत असतील तर बॉलला समोरून वारा आहे, आणखी एक क्लब वर जा. काठ कुठे उतरतो, खुंट्या कुठून कुठवर आहेत, सगळं बघून घ्या. हे बघणं क्लब हातात येईपर्यंत. क्लब ठरला की पाण्याचं काम संपलं. त्याने द्यायची ती माहिती दिलेली आहे.

मग बॉलच्या मागे जा आणि ग्रीनच्या पलीकडचं काहीतरी बारीक निवडा. झाड नको, झाडाची एखादी फांदी, आणि त्या फांदीवरचा एखादा फिकट पानांचा झुबका. नजर वर गेली की तळं आपसूक खाली राहतं. त्या रेषेत बॉलच्या पुढे दोन फुटांवर गवतातली एक खूण धरा, पिवळं पातं, जुना डिव्हट (क्लबने उखडलेली जागा), काहीही. जॅक निकलॉससारखा दिग्गज खेळाडूही आयुष्यभर असाच रेष धरून उभा राहायचा. एक लांब उच्छ्वास. खांदे खाली येतात ते जाणवलं पाहिजे. मग बॉलपाशी या, क्लबचं तोंड त्या खुणेला लावा, फांदीकडे एकदा नजर टाका आणि मारा. बॉलवर उभं राहून जितका वेळ काढाल तितकं पाणी परत येईल.

हातांचं एक सांगायचं राहिलं. टॉप होणं आणि माती उचलणं हे दोन्ही तुम्हाला एकाच कारणाने होतंय, असं तुमच्या वर्णनावरून वाटतं. पाणी पार करायचं म्हणून तुम्ही बॉल उचलायला जाताय. वजन मागच्या पायावर राहतं, छाती वर येते. क्लबचा तळ बॉलच्या मागे पोचला तर माती, छातीबरोबर वर आला तर बॉलच्या कमरेत, म्हणजे टॉप. आयर्नला उचलण्यासाठीच तिरकं तोंड दिलेलं असतं, सेव्हनला सुमारे ३० ते ३४ अंश. तुम्ही खाली मारा, वर न्यायचं काम त्या अंशांचं. टीवर सरावाचा स्विंग घेताना कान देऊन ऐका. क्लब गवताला लागल्याचा आवाज पुढच्या पायाच्या बाजूने यायला हवा. मागून येत असेल तर पुन्हा घ्या, मागची चौकडी थांबेल दहा सेकंद.

डावखुरी:

जुना_पुटर यांचा क्लबाचा हिशेब कोणीतरी आधी सांगायला हवा होता मला! पूर्ण सहमत. पण "बारीक लक्ष्य निवडा" याला माझा आक्षेप आहे. सगळ्यांची मनं सारखी नसतात. मला पानांचा झुबका दिला की तो हुकेल याचीच धास्ती बसते, पाण्याऐवजी झुबक्याची. माझं चित्त थाऱ्यावर राहतं ते तालावर. क्लब मागे नेताना "एक", खाली आणताना "दोन", मनातल्या मनात, रोजच्याच लयीत. आकडे मोजत असताना दुसरं वाक्य डोक्यात शिरायला जागा उरत नाही. कोणाला फांदी चालेल, कोणाला ताल, कोणाला क्लबच्या टोकाची वाट. एवढं मात्र नक्की की मनगट, कोपर, डोकं यांच्यावर लक्ष ठेवू नये. गॅब्रिएल वुल्फ आणि सहकाऱ्यांनी १९९९ मध्ये नवशिक्यांना पिच (छोट्या अंतराचा उंच) शॉट शिकवताना पाहिलं होतं, ज्यांना क्लबच्या हालचालीवर लक्ष द्यायला सांगितलं ते हातांवर लक्ष देणाऱ्यांपेक्षा अचूक मारत होते. तेव्हा तळ्यासमोर कोणी "कोपर सरळ ठेव" म्हणालं तर ऐकून घ्या आणि सोडून द्या.

दुसरं, जुन्या बॉलबद्दल कोणीच काही लिहिलं नाही. सातवी_टी, तो कप्पा रिकामा करा. खरवडलेला बॉल काढलात की हा बुडणार हे तुम्ही स्वतःला सांगून मोकळे झालात. शिवाय तो कसा उडतो हे तुम्हाला नीट माहीत नसतं, मग वरचे सगळे आकडे काय कामाचे? ज्या बॉलने सहा होल खेळलात तोच सातव्याला. बुडला तर बुडला. नवा बॉल गमावल्याची हळहळ टीवर उभं असताना करायची नसते.

तिसरं माझं स्वतःचं मत, कोणाला पटो न पटो. समोरचं पाणी त्यातल्या त्यात सोपं. तिथे प्रश्न एकच असतो, पोचतोय की नाही, आणि त्याचं उत्तर क्लब देतो. माझा घाम काढतं ते कडेचं पाणी, विशेषतः तिरपं. फेअरवे (टी ते ग्रीनमधली कापलेल्या गवताची पट्टी) तळ्याला वळसा घालून जातो आणि जितकं जास्त पाणी कापाल तितका पुढचा शॉट छोटा, असे होल कोर्स आखणाऱ्या सी. बी. मॅकडॉनल्डच्या काळापासून केप होल म्हणून ओळखले जातात. तिथे कोर्स तुम्हाला दर वेळी विचारतो, आज किती धाडस? त्याचं उत्तर टीवर उभं राहून द्यायचंच नसतं, ते घरून ठरवून यायचं. मी डाव्या हाताने खेळते, माझा स्लाइस (उडताना बाहेर वळणारा शॉट) डावीकडे जातो, त्यामुळे पाणी डावीकडे असलं की मी टी बॉक्सच्या अगदी डाव्या टोकाला बॉल ठेवते आणि उजवीकडे नेम धरते. पाण्याला चिकटून उभं राहायचं आणि त्याच्यापासून लांब मारायचं. उजव्या हाताच्या स्लाइसवाल्यांनी उजवं टोक धरावं. पाणी ज्या बाजूला त्याच बाजूला उभं राहायला सुरुवातीला जिवावर येतं, पण तिथून फेअरवे किती रुंद दिसतो ते एकदा उभं राहून बघाच.

सातवी_टी:

सगळ्यांचे मनापासून आभार. जुना_पुटर सर, सोळाव्याबद्दल तुम्ही लिहिलंत ते खरं आहे. तिथे मला ग्रीनच्या अलीकडून चिप करावाच लागतो, आणि मी त्याला कधी हुकलेला शॉट म्हटलंच नव्हतं. रेंजवर जाऊन आकडे काढतो. डावखुरी ताई, कप्पा आजच रिकामा केला.

आता बॉल पाण्यात गेल्यावरचं सांगा. गाल तापतात, कोणाशी बोलावंसं वाटत नाही. ड्रॉपला कुठे जायचं हेही त्या वेळी सुचत नाही, लवकरात लवकर तो होल संपवावा एवढंच वाटतं. पुन्हा टीवरून मारावा की पुढे जाऊन तळ्याच्या अलीकडून?

जुना_पुटर:

डावखुरी, तालाचं मान्य. माझ्याकडे येणाऱ्या मुलांतही दोन-तीन जण तसे आहेत, त्यांना लक्ष्य दिलं की ती ताठ होतात. मी त्यांनाही फांदीच दाखवत आलो, आता ताल देऊन बघेन.

सातवी_टी, लवकर संपवावं असं वाटणं हाच खरा धोका. २०१६ च्या मास्टर्समध्ये जॉर्डन स्पीथ शेवटच्या दिवशी पहिले नऊ होल संपले तेव्हा पाच शॉटनी पुढे होता. दहाव्यावर बोगी, अकराव्यावर बोगी, मग तोच बारावा. पहिला बॉल काठाला लागून पाण्यात. ड्रॉप घेतला सुमारे ८० यार्डांवर. त्याच्या दर्जाच्या खेळाडूला हा वेजचा (छोट्या अंतराच्या क्लबचा) साधा शॉट, आणि तो मातीत बसला, बॉल पुन्हा क्रीकमध्ये. त्या होलवर सात झाले आणि मास्टर्स डॅनी विलेटने जिंकलं. जवळ गेल्याने शॉट आपोआप सोपा होत नाही. पहिल्याचा धक्का अंगात असताना मारलेला ८० यार्डांचा शॉट १५५ पेक्षा अवघड होऊन बसतो.

आता उलट बाजू बघा. १९९९ च्या प्लेयर्स स्पर्धेत फ्रेड कपल्स सॉग्रास कोर्सच्या सतराव्यावर होता. तोच पीट डायने आखलेला बेटावरचा ग्रीन, ज्याची कल्पना त्याची पत्नी अ‍ॅलिस हिची. अंतर जेमतेम १३७ यार्ड. पहिला बॉल पाण्यात. त्याने टीवरूनच पुन्हा मारला आणि बॉल उडत थेट होलमध्ये. तीन, म्हणजे पार! होलमध्ये जाणं नशिबाचं, ते सोडा. मी मुलांना सांगतो ते एवढंच, की दुसरा स्विंग करताना पहिल्या बॉलचं काहीही त्याच्या अंगात उरलेलं नव्हतं. आणि २०२० च्या मास्टर्समध्ये टायगरने, ऑगस्टाच्या त्याच बाराव्यावर, तीन बॉल क्रीकमध्ये घालून दहा केले. उरलेल्या सहा होलांपैकी पाचांवर बर्डी (पारपेक्षा एक कमी). जिंकण्याची आशा संपलेली, वय चव्वेचाळीस, पाठ दुखरी, आणि तरी प्रत्येक शॉट मन लावून. २०१९ च्या विजयापेक्षा मला ते सहा होल जास्त भावतात.

तुम्हाला काय करता येईल? बॉल बुडला की क्लब लगेच बॅगेत घालू नका. ग्लोव्ह काढा, क्लबचं तोंड टॉवेलने पुसा, सोबतच्यांना त्यांचे शॉट मारू द्या. गाल तापतात तर तापू द्यात, ते मिनिटभरात उतरतं. तेवढ्या वेळात एकच प्रश्न स्वतःला विचारायचा, क्लब चुकला की स्विंग? बॉल नीट लागूनही कमी पडला असेल तर क्लब चुकला, वरचा घ्या. टॉप झाला असेल तर क्लब तोच ठेवा. दुसरा प्रश्न नाही.

आणि कुठून मारायचं, तर सातव्यावर मी तुम्हाला आधी टीवरूनच मारायला सांगेन. तिथे बॉल टीवर ठेवता येतो, जमीन सपाट असते, अंतर माहीत असतं आणि हात नुकतेच तो शॉट मारून आलेले असतात. पुढे गेलात तर पाण्याच्या अलीकडच्या काठापासून ग्रीनचा मध्य १०६ यार्ड राहतो आणि कॅरी ९४. आकड्यांत सोपं दिसतं. पण काठाजवळची जमीन बहुधा तळ्याकडे उतरते, आणि उतारावरून मारलेला बॉल खालून निघतो, नेमका तिथेच जिथे तुम्हाला उंची हवी. तरी पुढे जायचंच असेल तर खुंट्यांना चिकटून ड्रॉप करू नका. त्या रेषेत हवं तितकं मागे येता येतं, लाल_खुंटी यांनी लिहिलंच आहे. सपाट जागा सापडेपर्यंत मागे या, ११५ झाले तरी चालतील, आणि पायाखालची जमीन दोन्ही टाचांना सारखी लागतेय ना हे बघूनच बॉल गुडघ्याच्या उंचीवरून सोडा.